डावा कान

सहा-दहाची महूची बस.
सरवटे स्टँडवर धुकं, कढईभर पोह्यांची वाफ.
कुंदानं जीरावणाची एक पुडी जास्तीची मागून घेतली,
"वर पेरूला लागेल."
माझ्या पायात मुलाचे जुने बूट,
चवड्यापाशी कापूस कोंबलेले.
कंडक्टरनं दोन तिकिटं फाडता फाडता
आम्हाला एकदा खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

मी नेहमी तिच्या उजवीकडून चालते.
सातव्या वर्षी गालगुंड झालं, तेव्हापासून
तिचा डावा कान कुडी घालण्यापुरता.
पस्तीस वर्षं झाली, आता माझे पायच ठरवतात :
पंगतीत, स्टाफरूममध्ये,
तिच्या नवऱ्याला पोचवायला गेलो त्या दिवशीही
मी उजवीकडे.

पण कुटी गावापुढे डांबरी सडक सोडली
आणि वाट एकीपुरतीच उरली.
ती पुढे, मी मागे.
सागाची वाळकी पानं पापडासारखी मोडत होती,
मी काही म्हटलं तर त्यातच चुरून जात होतं.
एका दगडावर बकऱ्यांचा पोरगा बसलेला.
"गाडी ऊपर तक जाती है, माँजी. गाडी क्यों नी करी?"
"गाडी के घुटने कहाँ हैं, बेटा," कुंदा म्हणाली,
आणि स्वतःचाच गुडघा धरून हसत खाली बसली.
तो हसला नाही. विचार करू लागला.

जानापावच्या माथ्यावर वारा इतका
की पदर, ओढणी, पिशवी, सगळं एकाच दिशेला.
लांब पीथमपूरचे पांढरे पत्रे,
अलीकडे हरभऱ्याची हिरवी ठिगळं.
कुंदा भूगोल शिकवायची.
दर वर्षी सातवीच्या फळ्यावर हाच डोंगर काढायची :
इकडे पडलेलं पाणी चंबळेला, तिकडे पडलेलं नर्मदेला,
मध्ये खडूची एक रेघ.
आज तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी
नेमकं धारेवरच्या कातळावर ओतलं
आणि आम्ही दोघी वाकून बघत राहिलो.
ते कुठंच गेलं नाही.
दगडानं तिथल्या तिथे पिऊन टाकलं.
"वर्गात तर बरोबर वाहायचं," ती म्हणाली.

उतरताना वाट जरा रुंदावली.
मी तिच्या डावीकडे आले.
चुकून नाही.
आणि म्हटलं :
कुंदा, ट्रस्टींना गेलेल्या त्या पत्रावर माझीही सही होती.
मग म्हटलं :
सही काय, मजकूरच माझा.
माझं मराठी चांगलं म्हणून सगळ्यांनी मलाच बसवलं,
"मुख्याध्यापिकेच्या जागी श्रवणाचा प्रश्न असलेली व्यक्ती",
हे वाक्य मी दोनदा खोडून
तिसऱ्यांदा लिहिलं होतं.
तिसऱ्यांदा ते छान जमलं होतं.

एवढं मी बोलले, नेहमीच्या आवाजात,
कुजबुजले नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

तिनं करवंदीची जाळी एका हातानं बाजूला धरली,
मी पार होईपर्यंत धरून ठेवली.
"बूट चावून राहिलेत का गं?"
"नाही."
"मग अशी का चालून राहिलीस?"
मी काय सांगणार.
खाली कुणाच्या तरी शेतात छोड भाजत होते,
त्याचा धूर आमच्यापर्यंत आला, पुढे गेला.

परतीच्या बसमध्ये खिडकी नेहमी तिची.
आज म्हणाली, "तू बस आत."
बसले. मग लक्षात आलं,
तिचा ऐकणारा कान आता सगळ्या बसकडे,
कंडक्टरकडे, रडणाऱ्या मुलाकडे, ड्रायव्हरच्या गाण्याकडे,
आणि डावा माझ्याकडे.
कुडीचा मोती धुळीनं मळलेला.
ती थकली असेल. जागा जशी मिळाली तशी.
महू गेलं. राऊच्या अलीकडे
तिनं पिशवीतून शेवटचा पेरू काढला,
दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडला,
वेडावाकडा फुटला.
पुडी उलगडून जीरावण भुरभुरलं,
आणि दोन फोडी दोन तळहातांवर घेऊन
मोठी कुठली,
बराच वेळ बघत राहिली.